एका दशकाला दोन पुस्तकं: मुलांना अमेरिकेचा इतिहास कादंबऱ्यांतून कसा शिकवायचा

आपल्या मुंबईतल्या पोरांना अमेरिका पाठ असते, म्हणजे मार्व्हल पाठ, एनबीए पाठ, न्यू जर्सीतल्या आत्याच्या घराचा प्रत्येक कोपरा व्हिडिओ कॉलवरून पाठ, पण इतिहास विचारला की कोलंबस, वॉशिंग्टन, लिंकन आणि तिथून एकदम ट्विन टॉवर्स, मधलं सगळं गायब. आयजीसीएसई, आयबी अशा परदेशी बोर्डवाल्यांना थोडंफार असतं पण तीही मुद्दे घोकून मोकळी होतात. मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचा एक ग्रुप घेते, तिथे आम्ही हा इतिहास दशकादशकाने आणि कादंबऱ्यांतून करतो. बऱ्याच जणींनी पद्धत विचारली म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. घरी एकट्या मुलाबरोबरही जमतं, फक्त मग भांडायला समोर तुम्हाला बसावं लागेल.

पहिलं म्हणजे सगळी दशकं घ्यायची नाहीत. १७७६ पासून मोजली तर पंचवीस भरतात, एकेकाला महिना दिला तर आठवीतलं पोरगं दहावीत पोचेल तरी आपलं संपलेलं नसेल. सात-आठ निवडा, पण निवडलेली क्रमाने घ्या.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, एका दशकाला एकच पुस्तक कधीही द्यायचं नाही. एकच दिलं की मुलं तेच खरं धरून चालतात, कादंबरी असेल तर जास्तच, कारण त्यात कुणाच्या तरी बाजूने आपण रडलेलो असतो. म्हणून दोन, आणि तीही एकमेकांशी भांडणारी. अर्धा ग्रुप एक वाचतो, अर्धा दुसरं, आणि भेटीच्या दिवसापर्यंत एकमेकांना काही सांगायचं नाही (व्हॉट्सअॅपवर फुटतंच थोडं, सोडून द्या). आणि जिथे मिळेल तिथे तिसरी खुर्ची मांडायची, त्या काळात अमेरिकेकडे बघणारं आपलं कुणीतरी, मराठी माणूस किंवा आपली मुंबई. ती मिळते, आणि वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा मिळते.

महिना असा जातो. पहिल्या रविवारी गोष्ट नाही, फक्त दोन पानं माहिती, नकाशा, चार-पाच तारखा, एखादा कायदा. पुढचे दोन रविवार वाचन. अख्खी कादंबरी सगळ्यांनी वाचायची सक्ती करू नका, शाळा क्लास सगळं सांभाळून ते होत नाही, मी पन्नास-साठ पानं निवडून देते आणि मधलं तोंडी सांगते, ज्यांना नाद लागतो ती पुढे वाचतातच. चौथ्या रविवारी दोन्ही गट समोरासमोर.

वहीत चारच प्रश्न असतात. गोष्ट कोण सांगतंय? घरात वावरतंय पण बोलत नाही असं कोण आहे? लेखकाला हे सगळं कुठून कळलं, स्वतः बघितलं, आजीकडून ऐकलं की नुसतं वाचलं? आणि समोरच्या पुस्तकातलं माणूस या प्रसंगात उभं असतं तर काय म्हणालं असतं? दुसऱ्या प्रश्नावर सगळ्यात मजा येते, कारण मुलं स्वयंपाकघरात आणि शेतात शोधायला लागतात.

भिंतीवर एक लांबलचक चार्ट पेपर लावायचा, दशकांचे रकाने पाडायचे. प्रत्येक पुस्तकाच्या दोन टिकल्या, गोष्ट ज्या काळात घडते तिथे लाल, आणि पुस्तक ज्या साली आलं तिथे निळी, मग दोन्हींना दोऱ्याने जोडायचं. सुरुवातीला मुलांना हे उगाचचं क्राफ्ट वाटतं. वाटू दे, फळ पुढे मिळतं.

आता दशकं. मी सुरुवात गुलामगिरीच्या काळापासून करते. स्वातंत्र्ययुद्ध नंतर एखाद्या तासात उरकता येतं, त्यावर सिनेमे पुष्कळ आहेत. १८४० च्या आसपाससाठी 'हकलबेरी फिन' आणि पर्सिव्हल एव्हरेटचं 'जेम्स'. मार्क ट्वेनचं पुस्तक आलं १८८४-८५ मध्ये, 'जेम्स' २०२४ मध्ये, आणि २०२५ चं पुलित्झर त्याला मिळालं. गोष्ट तीच, नदी तीच, मिसिसिपी, तराफाही तोच, फक्त पहिल्यात हक नावाचा गोरा पोरगा सांगतो आणि दुसऱ्यात त्याच्याबरोबर पळालेला गुलाम जिम. एव्हरेटचा जिम लिहायला वाचायला शिकलेला आहे, आपल्या लोकांत नीट बोलतो आणि गोरा माणूस आला की मुद्दाम अडाण्यासारखं बोलायला लागतो. अगदी सुरुवातीलाच तो लहान मुलांना हे अडाणी बोलणं शिकवतो, क्लास घेतल्यासारखं. तेवढी पानं मोठ्याने वाचून दाखवा, हॉल शांत होतो. बाकी 'जेम्स' मोठ्यांचं पुस्तक आहे, त्यात हिंसा आहे, निवडूनच द्या.

'हकलबेरी'मध्ये काळ्या माणसांसाठीचा तो शिवीसारखा शब्द पानोपानी येतो. मी तो मोठ्याने उच्चारू देत नाही पण झाकतही नाही. मुलांना विचारते, आपल्याकडे जातीवरून असे कुठले शब्द आहेत जे पुस्तकात सापडले तर वर्गात वाचाल का? उत्तर द्यायला वेळ लागतो, लागू दे.

इथे तिसऱ्या खुर्चीवर महात्मा फुले. 'गुलामगिरी' १८७३ ची, आणि अर्पण केलीये कुणाला, तर अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून. ते अर्पणपत्र फळ्यावर लिहा. पण तिसऱ्या खुर्चीलाही प्रश्न विचारायचे हां, ती काही न्यायाधीशाची खुर्ची नाही. १८७३ मध्ये पुण्यात बसलेल्या माणसापर्यंत अमेरिकेची कुठली बातमी पोचली असेल आणि कुठली नसेल? दक्षिणेतून संघराज्याचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं आणि मग तिथे काळ्यांचे हक्क पुन्हा एकेक करून काढून घेतले गेले, हे कळलं असतं तर अर्पणपत्र तेच राहिलं असतं का? आमच्याकडे यावर जोरदार भांडण झालं, आणि माझं मत विचाराल तर तेच राहिलं असतं, कारण फुल्यांना तो आरसा इथल्या लोकांना दाखवायचा होता.

१८६० चं दशक तर मुंबईच्या मुलांसाठी सोनंच आहे. यादवी युद्ध १८६१ ते १८६५. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांचा डोळा मुंबईच्या कापसावर. भाव चढले, गावात पैसा मावेना, बँका निघाल्या, समुद्र भरायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्ससाठी लोक वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि सगळा डोलारा खाली आला. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद, त्यालाही जबर फटका बसला, पण त्याने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर अजून फोर्टात आहे. मुलांना घेऊन ओव्हल मैदानावर जा, टॉवरकडे तोंड करून बसा आणि तिथेच शिकवा. अमेरिकेतल्या मळ्यावर गुलाम कापूस वेचत होता, त्याच्या सुटकेची लढाई लढली जात होती आणि तिच्यावर इथे सट्टा चालला होता, हे तिथे बसून जितकं कळतं तितकं फळ्यावरून कळत नाही.

कादंबऱ्या इथे 'गॉन विथ द विंड', १९३६ ची, मळेवाल्या गोऱ्या घराची गोष्ट, आणि अॅलिस रँडलची 'द विंड डन गॉन', २००१ ची, जी त्याच मळ्यावरच्या गुलाम बाईच्या मुलीच्या डायरीतून सांगितलीये. दोन्हींचे मोजके उतारेच द्या. पहिल्या कादंबरीच्या हक्कदारांनी दुसरीवर कोर्टात केस केली होती, ती शेवटी तडजोडीने मिटली. मुलांना वकील करा आणि केस लढवा, गोष्ट कुणाच्या मालकीची? आमच्याकडे एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी वकील म्हणून सुटलाच.

१८७० च्या आसपास पश्चिमेकडचं सरकणं. 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' मुलींना आवडतंच, किती गोड घर, बाबा व्हायोलिन वाजवतायत वगैरे. पण ते घर बांधलं होतं ओसेज या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर. त्याच्यासमोर लुईस अर्डरिकचं 'द बर्चबार्क हाऊस', १८४७ मधली ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीतली मुलगी, लेक सुपीरिअरच्या बेटावर. काळ थोडा मागेपुढे आहे, हरकत नाही, दोन्हीकडे लहान मुलगी आणि घर आहे म्हणून तुलना छान होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्कारावरून 'लिटल हाऊस'च्या लेखिकेचं नाव काढलं, ते बरोबर केलं का यावर मत घ्या.

१८८० साठी मी कादंबरीच देत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या आणि पुढे दोनेक वर्षं अमेरिकेत फिरल्या, १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' आलं. मराठीत, एका बाईने, अमेरिकेवर! त्यात त्या तिथल्या बायकांच्या संस्थांचं तोंड भरून कौतुक करतात आणि वर्णभेदाबद्दल, मूळ रहिवाशांना दिलेल्या वागणुकीबद्दल सुनावतातही. एवढं तयार साहित्य हाताशी असताना वेगळी कादंबरी कशाला शोधायची.

१८९० ला 'एक होता कार्व्हर' काढा. वीणाताई गवाणकरांचं हे पुस्तक बहुतेक मराठी घरांत असतंच, आणि ते चरित्र आहे, कादंबरी नाही, पण मुलांना आधीच माहीत असलेली गोष्ट नव्याने वाचायला लावता येते. कार्व्हर टस्कीगीला, काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेत, गेला १८९६ मध्ये. त्याच साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे ठेवणं कायदेशीर ठरवलं. ही एक तारीख शेजारी ठेवली की शेंगदाण्यापलीकडचा कार्व्हर दिसायला लागतो. आणि त्याला बोलावणारा बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत होता आधी हाताला काम शिका, हक्कांचं नंतर बघू, तर डु बॉइस हा दुसरा काळा विचारवंत १९०३ मध्ये त्याला उघड विरोध करत होता की हक्क आत्ताच हवेत. म्हणजे दोन बाजू काळ्या-गोऱ्यांच्याच असतात असं नाही, एकाच समाजात भांडण असतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. आपल्याकडे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य हा वाद त्याच सुमाराचा, आगरकर-टिळक अभ्यासात असतीलच तर जोडून टाका.

१९०० ला 'द जंगल', शिकागोचे कत्तलखाने, लिथुआनियातून आलेलं कुटुंब. आजोबा गिरणीत होते अशी मुलं ग्रुपमध्ये असतील तर त्यांना घरी जाऊन विचारायला सांगा, पुढचं तेच बोलतात. १९२० ला 'द ग्रेट गॅट्सबी', पण पार्ट्यांसाठी नको. पहिल्याच प्रकरणात टॉम ब्युकॅनन जेवताना गोरी जात बुडणार म्हणून बडबडतो तेवढं घ्या, आणि शेजारी भगतसिंग थिंदचा १९२३ चा निकाल ठेवा, ज्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि १९२४ चा इमिग्रेशनचा कायदा. न्यू जर्सीच्या आत्याचे भाचे इथे एकदम सावरून बसतात. आंबेडकर त्याआधीच, १९१३ ते १९१६, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाला शिकून आलेले, पुढे १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइसना पत्र लिहिलं, तेही दाखवा.

१९३० वर, म्हणजे महामंदीच्या दशकावर, दोन महिने द्या, माझं ऐका. इथे दोन नाही तीन पुस्तकं लागतात. 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मध्ये ओक्लाहोमातून उठून कॅलिफोर्नियाला निघालेलं जोड कुटुंब. 'एस्परान्झा रायझिंग'मध्ये मेक्सिकोतल्या जमीनदाराची मुलगी, त्याच कॅलिफोर्नियात मजूर छावणीत येऊन पडलेली, आणि भोवतीने मेक्सिकन लोकांना गाड्यांत भरून परत पाठवणं चालू, त्यात अमेरिकेत जन्मलेलेसुद्धा. आणि 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय', मिसिसिपीतलं स्वतःची जमीन असलेलं काळं कुटुंब. याच्या पहिल्याच प्रकरणात शाळेत पुस्तकं वाटतात, ती गोऱ्या शाळेने वापरून टाकून दिलेली, आणि आतल्या पानावर तक्ता असतो, कुठल्या साली कुठल्या वंशाच्या मुलाला दिलं आणि तेव्हा पुस्तकाची अवस्था काय होती. तेवढं एक पान तिन्ही गटांना वाचायला द्या.

मग डोरोथिया लँगचा तो प्रसिद्ध फोटो, १९३६ चा, दोन पोरं खांद्यावर आणि हात गालाशी नेलेली आई. मुलांना विचारा या तीनपैकी कुठल्या पुस्तकातली बाई वाटते. सगळी जोड कुटुंबाचं नाव घेतात, गोरी गरीब शेतकरीण म्हणून. मग सांगा की फोटोतली बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, चेरोकी होती, म्हणजे मूळ रहिवासी.

आणि आता चार्टकडे वळा. १९३० च्या रकान्यात निळ्या टिकल्यांची गर्दी झालेली असते. 'लिटल हाऊस' १९३५, 'गॉन विथ द विंड' १९३६. दोन्हींची लाल टिकली मागे जुन्या काळात. का बरं मंदीत हाल सोसणारे लोक आजी-आजोबांच्या कष्टाच्या आणि हरवलेल्या वैभवाच्या गोष्टी विकत घेत होते? याचं उत्तर मुलं स्वतः काढतात, तुम्ही गप्प बसायचं. त्यावर शेवटचा कागद ठेवायचा. १९३६ ते १९३८ मध्ये सरकारी योजनेतून लेखक गावोगाव फिरून पूर्वी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेत होते, २,३०० हून जास्त, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत. म्हणजे 'गॉन विथ द विंड'ला पुलित्झर मिळालं १९३७ मध्ये, आणि त्याच साली मळ्यावर खरोखर राबलेली माणसं आपली गोष्ट सांगत बसली होती. कादंबरीचे दोन उतारे, त्या आठवणींचे दोन, शेजारी शेजारी वाचून घ्या. सावध करा मात्र, त्या आठवणी लिहून घेणारे बरेचसे गोरे होते आणि म्हातारी माणसं त्यांच्यासमोर जपून बोलत असणार. जिमचं अडाणी बोलणं आठवतंय ना, कुणीतरी मूल ते बोलतंच.

१९४० ला जपानी अमेरिकनांच्या छावण्या. फेब्रुवारी १९४२ चा आदेश ९०६६, सुमारे १,२०,००० माणसं, बहुतेक अमेरिकेचे नागरिक, खटल्याशिवाय आत. 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' छोटी आहे, त्यातल्या कुटुंबाला नावंच नाहीत. समोर 'नो-नो बॉय'. वाचनाचा कंटाळा असलेल्यांना जॉर्ज टाकेईचं 'दे कॉल्ड अस एनिमी' द्या, ते चित्रांचं आहे. १९४३ मध्ये छावणीतल्या लोकांना एक फॉर्म भरायला दिला होता, त्यातले २७ आणि २८ नंबरचे प्रश्न: सैन्यात जाल का, आणि जपानच्या सम्राटाशी नातं तोडून अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का. ज्या आईवडिलांना अमेरिका नागरिकत्वच देत नव्हती त्यांनी हो म्हटलं तर ते कुठलेच राहत नव्हते. दोन्ही प्रश्नांची चिठ्ठी करा, मुलांना कुटुंबं करून बसवा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून उत्तर ठरवायला लावा. भाऊ एक म्हणतो, आई दुसरं. १९८८ मध्ये सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले हे शेवटी सांगा, आधी नको. आणि आपल्याकडे १९६२ च्या युद्धात भारतीय चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं हेही त्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलांना वाटतं असलं सगळं फक्त तिकडेच होतं.

१९५० पटकन उरका. १९६० ला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' सगळे सुचवतात, मी ते लाल टिकलीसकट १९३० मध्ये पाठवते आणि इथे 'वन क्रेझी समर' घेते, १९६८ चं ओकलंड, तीन बहिणी आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेची फुकट नाश्त्याची योजना. तिसऱ्या खुर्चीसाठी लांब जायलाच नको, १९७२ मध्ये याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावासकट. आणि १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा मणिभवनात राहिले होते, गावदेवीला, रविवारी सहज नेऊन आणता येतं. एकाच समाजातून किंग आणि पँथर, पुन्हा तेच भांडण, टस्कीगीवालं.

१९७५ ला 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन', सायगाव सोडून अलाबामात आलेली मुलगी, कवितेसारख्या छोट्या ओळीत असल्यामुळे इंग्रजी कच्चं असलेली मुलंही वाचून टाकतात. पुढच्या काळासाठी 'द नेमसेक', आणि त्याच्या समोरचं पुस्तक मुलांनी स्वतः तयार करायचं. आत्या किंवा काकाला व्हिडिओ कॉल लावायचा, का गेलात, पहिल्या वर्षी काय खाल्लंत, कोण वाईट वागलं, परत यावंसं कधी वाटलं, आणि मग तेच प्रश्न इथे राहिलेल्या भावंडांना, म्हणजे आईबाबांना. आधी १९६५ आणि १९९० च्या व्हिसाच्या कायद्यांचं अर्धं पान द्या म्हणजे कॉल नुसत्या गप्पांत जात नाही.

परीक्षा घेऊ नका. दर दशकाला एक पत्र, एका पुस्तकातल्या माणसाने दुसऱ्यातल्याला लिहिलेलं, त्यात निदान दोन खऱ्या तारखा आल्या पाहिजेत, बस. हे शाळेत येणार आहे का असं पालक विचारतातच, त्यांना ती पत्रं वाचायला द्या.

पुस्तकांचं म्हणाल तर जुनी, हक्क संपलेली प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या साइटवर फुकट आहेत. बाकीची किंग्ज सर्कल आणि फोर्टच्या फुटपाथवर बघत राहा, न मिळाल्यास एकच प्रत मागवून फिरवा. फुल्यांचं समग्र वाङ्मय चर्नी रोडला शासकीय ग्रंथागारात विचारा, मराठी जुनं काही हवं असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. आणि कुठलंही पुस्तक झेरॉक्सला टाकायच्या आधी लेखकाचं चरित्र शोधा. 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' हे चेरोकी मुलाच्या बालपणाच्या खऱ्या आठवणी म्हणून १९७६ मध्ये आलं, अजूनही कितीतरी याद्यांत प्रेमाने सुचवलेलं दिसेल, आणि लिहिणारा निघाला आसा कार्टर, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा माणूस, वर्णभेदवादी गव्हर्नरची भाषणं लिहून देणारा. मी ते यादीतून काढत नाही, मुद्दाम शेवटच्या महिन्यात लेखकाचं नाव झाकून देते आणि चौथ्या रविवारी नाव उघडते.